सव्वा मिया

"हॅलो, बाजार पोस्टमधून बोलतोय," हे वाक्य मी इंग्रजीत म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी ते स्वाहिलीत म्हटलं. हौस, दुसरं काय!

पलीकडे वेकेसा नावाचा माणूस होता. केनियाच्या पश्चिमेला एक काउंटी आहे, तिथल्या आरोग्य खात्यात नोकरभरतीचं काम बघणारा अधिकारी. काउंटी म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखीच, फक्त थाट जास्त. कुठली काउंटी ते सांगत नाही, कारण तिथे अजून माझं नाव निघालं की लोक पोट धरून हसतात.

आमचं 'बाजार पोस्ट' आठवड्यातून दोनदा नैरोबीतून निघायचं. बाजारातल्या बातम्या, सरकारी अंदाजपत्रकाची चिरफाड आणि नोकरीच्या जाहिराती. यातलं शेवटचं लोक वाचायचे, पहिल्या दोनावर आम्ही मिजास करायचो. मी तिथे नवा उपसंपादक होतो. मूळ गाव कऱ्हाड, आडनाव खटावकर. ते केनियातल्या कुणाच्याच तोंडात बसेना, म्हणून माझा झाला 'मिस्टर काटा'. स्वाहिलीत काटा म्हणजे कापणे. उपसंपादकाला याहून शोभणारं नाव नाही, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मराठीतसुद्धा शोभतंय."

तर वेकेसाने नर्सच्या जागांची जाहिरात पाठवली होती, आणि काउंटीचा गोल निळा शिक्का नेमका जागांच्या आकड्यावर बसला होता. आकडा विचारायला मी फोन लावला. तो बिचारा स्वच्छ इंग्रजीत "गुड आफ्टरनून" म्हणाला. मी ठणकावून म्हटलं, "हबारी, ब्वाना!" म्हणजे, काय खबर, साहेब? तो खूश होऊन हसला आणि माझा मान राखायला स्वाहिलीत शिरला.

"नफासी न्गापी?" मी विचारलं. म्हणजे, जागा किती?

"सावा," तो म्हणाला. जरा थांबला. मागे कुणीतरी दार आपटलं. "मिया."

मिया म्हणजे शंभर, हे मी बाजारात शिकलो होतो. आणि सव्वा म्हणजे सव्वा, हे कऱ्हाडच्या शाळेत गुरुजींनी कान पिळून शिकवलं होतं. खात्री करून घ्यावी म्हणून मी विचारलं, "सव्वा मिया?"

"सावा सावा," तो म्हणाला. "मिया."

आता 'सावासावा' म्हणजे बरं, ठीक, हे मला माहीत होतं. रस्त्यावर, ऑफिसात, लिफ्टमध्ये जो तो उठून सावासावा करत असायचा. म्हणजे माणसाने दुजोरा दिला. मी आभार मानले, फोन ठेवला आणि जाहिरातीत आकडा घातला: एकशे पंचवीस.

मला त्या दिवशी किती आनंद झाला होता म्हणून सांगू! केनियात आल्यापासून माझा एक सिद्धांत तयार होत होता, की स्वाहिली ही आपल्याच घरातली भाषा आहे. पैशाला पेसा, हिशेबाला हेसाबू, लाखाला लाकी, विम्याला बिमा, आणि चेकला चक्क हुंडी. सगळं व्यापाऱ्यांबरोबर बोटीतून आलेलं. मग एवढं सगळं उचलणाऱ्यांनी सव्वा तेवढा बंदरावर ठेवला असेल होय? आज तोही सापडला. यावर एक लेख लिहायचं मी मनात पक्कं केलं. तो लेख मी अजून लिहिलेला नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. नुसती छपाईची चूक ठरली असती. पण माझ्या अंगात अर्थतज्ज्ञ आला. टेबलावर त्या काउंटीचं अंदाजपत्रक पडलं होतं, ते चाळलं. नर्सच्या पगाराची तरतूद होती बरोब्बर शंभर जणींची. आणि जाहिरात तर सव्वाशेची! मी ताडकन उठलो आणि मालकांच्या केबिनमध्ये गेलो.

मालक रमणीकभाई. तीन पिढ्या नैरोबीत, मूळ जामनगरकडचे. तरुणपणी मुंबईला शिकायला होते, तिथलं मराठी माझ्यावर चालवायचे.

"भाई, पंचवीस जागा हवेतून आल्या आहेत," मी म्हटलं. "तरतूद नाही आणि जाहिरात आहे. याला काय म्हणायचं?"

"फ्रंट पेज म्हणायचा," रमणीकभाई म्हणाले. "तू पक्का विचारला ना?"

"खुद्द अधिकाऱ्याच्या तोंडून. दोनदा. स्वाहिलीतून."

"शाबास!" ते म्हणाले, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

आत जाहिरात छापली आणि पहिल्या पानावर माझी बातमी: 'पंचवीस नर्स जास्तीच्या, पगार कोण देणार?' खाली चौकट: 'काउंटीला बेरीज येते का?' ती चौकट माझी खास. लिहिताना मी गालातल्या गालात हसत होतो. वृंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, घरी अंक वाचला आणि बाजूला ठेवला.

"अहो, त्या माणसाला विचारलंत का, जास्तीच्या का काढल्या म्हणून?"

"ते विचारायचं नसतं. आकडा बोलतो."

"आकडा तुमच्याशी स्वाहिलीत बोलला की मराठीत?"

बाई काय बोलून गेली ते तिलाही कळलं नाही आणि मला तर नाहीच नाही.

पुढच्या आठवड्यात रमणीकभाईंनी मला आत बोलावलं आणि पेढा पुढे केला. त्या वेकेसाला निलंबित केलं होतं. झालं असं होतं, की पहिल्या मसुद्यात वेकेसाने सव्वाशेच जागा मागितल्या होत्या. काउंटीच्या सभेतल्या अर्थसमितीने त्या कापून शंभर केल्या. आणि आता जाहिरातीत पुन्हा तोच जुना आकडा! समितीने सरळ अर्थ काढला की हा गडी मंजुरी नसलेल्या पंचवीस जागा मागच्या दाराने भरून विकणार होता. शुक्रवारी चौकशी होती. समितीचं मन वळलं नाही तर वेकेसा कायमचा बडतर्फ, पुन्हा सरकारी नोकरीचं नाव नको.

"तुझा बातमीने घोटाळा पकडला," रमणीकभाई म्हणाले. मी पेढा खाल्ला. दुसराही खाल्ला, खोटं कशाला बोलू.

त्याच दुपारी वेकेसाचा फोन आला. या वेळी तो इंग्रजीतच बोलला, आणि आवाज अगदी खाली.

"मिस्टर काटा, मी तुम्हाला मिया सांगितलं होतं."

"तुम्ही सव्वा मिया म्हणालात."

"हो. सावा, मिया."

"बघा, स्वतःच कबूल करताय!"

त्याने तो विषय सोडला. मग म्हणाला, "माझ्या दारात लोक येतात, मिस्टर काटा. कुणी शेळी विकून आलंय, कुणी उसनवारी करून. विचारतात, त्या पंचवीसपैकी एका जागेचा भाव काय? मी नाही म्हटलं की त्यांना वाटतं भाव कमी पडला. माझी आई आतून हे सगळं ऐकते. तिने माझ्याशी बोलणं सोडलंय."

"तुम्ही समितीला सांगा काय ते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. काय निर्ढावलेला माणूस आहे, असंच मला वाटलं. खरंच वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी घरी पोचलो तर वृंदा बिल्डिंगच्या फाटकाशी आंबे घेत होती. मामा न्जेरी नावाच्या बाई टोपली घेऊन यायच्या; स्वाहिलीत मामा म्हणजे आई. वृंदा त्यांच्याशी बसून गप्पा मारायची, म्हणून तिची स्वाहिली माझ्या पुढे गेली होती, पण हे मी मान्य करत नव्हतो. दोघींची घासाघीस चालली होती. शेवटी मामा न्जेरी म्हणाल्या, "मिया."

वृंदाने टोपलीकडे बघितलं, मान हलवली. "सावा," ती म्हणाली. "मिया."

आणि तिने शंभराची एक नोट दिली. मामा न्जेरींनी ती कमरेला खोचली आणि टोपली उचलली.

"अगं, पंचवीस राहिले!" मी ओरडलो.

"कसले पंचवीस?"

"सव्वाशे ठरले ना? तूच म्हणालीस सव्वा मिया."

वृंदा माझ्याकडे बघतच राहिली. मामा न्जेरी पण.

"अहो, मी म्हटलं, ठीक आहे, शंभर. सावा म्हणजे ठीक आहे."

"ते सावासावा!"

"सावासावा म्हणजे दोनदा ठीक आहे! एकदा म्हटलं की एकदा." मग तिचा चेहरा बदलला. तिला आठवलं असणार, पहिलं पान, चौकट, सगळं. हातातला आंबा तिने परत पिशवीत टाकला. "तुम्ही त्या माणसाला काय विचारलं होतंत?"

मी फाटकाच्या कट्ट्यावर बसलो. मी विचारलं होतं, 'ठीक आहे शंभर?' आणि तो म्हणाला होता, 'ठीक आहे, ठीक आहे. शंभर.' गावभर मिरवलेली माझी बातमी, काउंटीला बेरीज येते का ही चौकट, ते दोन पेढे, सगळं एका फटक्यात घशाशी आलं. मामा न्जेरींना वृंदाने काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी मला एक आंबा फुकट दिला आणि "पोले, पोले" म्हणत गेल्या. पोले म्हणजे वाईट झालं हो. हा शब्द मात्र मला बरोबर कळला.

तिथूनच रमणीकभाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं आणि आधी पाच मिनिटं हसले. सवा हा त्यांच्याही घरचा शब्द. मग हसू थांबलं.

"पुढच्या महिन्यात दुरुस्ती टाकू. शेवटच्या पानावर, छोटी."

"चौकशी उद्या आहे, भाई. मी तिथे जाऊन सांगतो."

"खुल्ली सभामधे? बाजार पोस्टला स्वाहिली समजत नाही म्हणून? जाहिराती देणारे काय म्हणणार?" मग म्हणाले, "खटावकर, तू उद्या गेला, तर पुढचा अंकात तुझा जाग्याची जाहिरात छापतो. तूच प्रूफ वाच."

केनियात माझा परवाना त्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की बाडबिस्तरा गुंडाळून कऱ्हाड. मी वृंदाकडे बघितलं.

"जाल ना?" ती म्हणाली.

"जावं लागेल."

"मी पण येते. एकटे गेलात तर तिथे परत काहीतरी ऐकाल."

पहाटेच्या विमानाने गेलो. तिकिटाचे पैसे वृंदाने घातले, आणि त्याची आठवण ती अजूनही करून देते.

काउंटीच्या सभागृहात मागच्या बाकांवर गावातली माणसं दाटीवाटीने बसली होती. पुढे लांब टेबल, मध्ये समितीच्या अध्यक्ष नासिमियू बाई. चांगल्या भारदस्त, डोक्याला केशरी फडकं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. वेकेसाला मी प्रथमच बघत होतो. बारीक, उंच, इस्त्रीचा कोट. माझ्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

मी उभा राहिलो आणि इंग्रजीत सगळं सांगितलं. माझ्या भाषेत सव्वा हा शब्द आहे, तो मला ऐकू आला, चूक माझी, या गृहस्थांची नाही. सांगून झालं. मग टेबलाच्या कडेला बसलेले एक सदस्य पुढे वाकले.

"मिस्टर काटा, वेकेसाकडून चाय किती मिळाला?"

"चहा?" मी म्हटलं. "नाही, सकाळपासून कुणी विचारलाच नाही."

मागे खसखस पिकली. वृंदाने डोळे मिटून घेतले. चाय म्हणजे लाच! आपल्याकडेसुद्धा चहापाणी म्हणतातच की. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त कप आला, आणि मी आणखी वर म्हणालो, "मिळाला तर बरं होईल." मग जो काय हशा झाला तो विचारू नका. वेकेसाने कपाळाला हात लावला. त्याची बाजू मांडायला आलेला एकमेव साक्षीदार हा असा.

नासिमियू बाईंनी टेबलावर बोटं वाजवली. त्या हसत नव्हत्या.

"तुमचं म्हणणं, तुमच्या भाषेत एक आणि पाव याला स्वतंत्र शब्द आहे?"

"हो मॅडम. सव्वा."

"आणि एक आणि अर्धा?"

"दीड."

"दोन आणि अर्धा?"

"अडीच."

"तीन आणि अर्धा?"

"साडेतीन."

"चार आणि अर्धा?"

"साडेचार."

बाईंनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "तीनला साडे, चारला साडे. मग दोनाला का नाही?"

माझ्या उभ्या आयुष्यात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी वृंदाकडे पाहिलं. तिने खांदे उडवले.

"मॅडम, नाहीये," मी म्हटलं. "दोनाला नाही."

"हे तुम्ही आत्ता इथे उभ्या उभ्या बनवताय," ते कडेचे सदस्य म्हणाले. "मसुद्यात सव्वाशे, जाहिरातीत सव्वाशे, आणि मध्ये एक शब्द जो या देशात कुणाला माहीत नाही. अध्यक्ष महोदया, हा माणूस पढवून आणलेला आहे."

मागच्या बाकांवरून हुंकार आले. आणि ते बोलत होते त्यात काही चूक नव्हती. त्यांच्या जागी मी असतो तर हीच बातमी केली असती, चौकटीसकट. मी खरं सांगायला आलो होतो आणि माझ्यामुळे तो माणूस जास्तच अडकत चालला होता. मी म्हणालो, "मॅडम, शपथेवर सांगतो." वेकेसा खाली बघत कोटाचं बटण फिरवत होता.

नासिमियू बाईंनी चष्मा काढला आणि पुसला.

"बाजारात हार्डवेअरवाले वीरजी आहेत अजून?"

"आहेत," शिपाई म्हणाला.

"घेऊन या. रस्त्यात त्यांच्याशी कुणी एक शब्द बोलायचा नाही. आणि मिस्टर काटा, तुम्ही तोंड भिंतीकडे करून उभे राहा."

मी राहिलो. चाळिशीतला माणूस, अर्थविषयक उपसंपादक, भिंतीकडे तोंड करून. शाळेत सव्वाचा पाढा चुकला तेव्हाही असाच उभा होतो.

बऱ्याच वेळाने चपलांचा आवाज आला. वीरजीभाई चांगले ऐंशीच्या घरातले, दुकान सोडून यावं लागलं म्हणून कुरकुरत होते.

"वीरजी," नासिमियू बाई म्हणाल्या, "तुम्ही घरात आईशी जी भाषा बोलायचात, तिच्यात सावा नावाचा आकडा आहे का?"

"सवा? आहे ना. सवा किलो, सवा रुपियो."

"म्हणजे किती?"

"एक, अने पाव."

बाईंनी अगदी हळू विचारलं, "आणि कुणी सवा मिया खिळे मागितले, तर तुम्ही किती मोजून द्याल?"

"सवासो. एकशे पंचवीस." वीरजीभाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "कुठले पाहिजेत, दोन इंची की तीन? त्याच्यासाठी मला एवढा लांब बोलावला?"

पहिले हसले ते कडेचे सदस्य. मग सगळंच सभागृह. कुणीतरी ओरडलं, "सावा मिया!" कुणीतरी उत्तर दिलं, "एकशे पंचवीस!" वीरजीभाईंना काही कळेना, तेही हसायला लागले. मी भिंतीकडे तोंड करूनच उभा होतो, मला वळायला कुणी सांगितलंच नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसण्याचं नव्हतं. शेवटी वृंदाने येऊन दंडाला धरून मला वळवलं.

निलंबन तिथल्या तिथे रद्द झालं. वेकेसा उठला, कोट नीट केला आणि बाहेर गेला.

मी मागोमाग धावलो. तो आवारातल्या जॅकरँडाच्या झाडाखाली उभा होता. मी माफी मागायला सुरुवात केली. दोन-चार वाक्यं त्याने ऐकून घेतली आणि हात वर केला.

"तुम्ही आलात. पुरे झालं." मग तो माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "पण मला तो फोन पुनःपुन्हा आठवतो. मिस्टर काटा, तुम्ही काय विचारलंत माहीत आहे? माझ्या कानाने ऐकलं, 'शंभर, ठीक आहे ना?' मी दोन वर्षं सव्वाशे मागत होतो. त्यांनी शंभर दिल्या. शंभर पुरतात का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. ना या समितीने, ना खात्याने. नैरोबीतून एका अनोळखी माणसाने विचारलं. आणि मी काय म्हणालो? सावा, सावा."

"पुरत नाहीत?"

"पंचवीस दवाखान्यांना कुलूप आहे. इमारत आहे, खाट आहे, नर्स नाही. माझ्या बहिणीचं गाव त्यातलंच एक. ती बाळंतपणासाठी मोटरसायकलवर बसून निघाली होती." त्याने पुढचं सांगितलं नाही. माझी विचारायची हिंमत झाली नाही. वृंदाने मात्र त्याच्या हाताला हात लावला आणि म्हणाली, "पोले."

मी पहिल्या पानावर विचारलं होतं, पगार कोण देणार. जागा कशाला हव्यात, हे वृंदाने विचारायला सांगितलं तेव्हा मी म्हणालो होतो, आकडा बोलतो. लाज वाटली मला. अगदी कानशिलं तापेपर्यंत वाटली.

आम्ही लगेच परत निघालो नाही. वेकेसाच्या जीपमधून त्यातल्या काही कुलपांपर्यंत गेलो. त्याच्या आईने मला चहा दिला, खराखुरा, कपातला. मुलाच्या ताटात तिने दोनदा वाढलं आणि त्याच्याशी अखंड बोलत होती.

पुढच्या अंकात रमणीकभाईंनी दोन गोष्टी छापल्या. एक, पहिल्या पानावर माझी दुरुस्ती, सव्वा-दीड-अडीचसकट, आणि तिच्याखाली कुलपांची बातमी. ती बातमी छापू की नको म्हणून ते तासभर कुरकुरले. मग दुरुस्ती वाचून इतके हसले की डोळे पुसत म्हणाले, "छाप." दुसरी गोष्ट आतल्या पानावर: 'उपसंपादक पाहिजे. स्वाहिली उत्तम हवी.' प्रूफ मीच वाचलं. अर्ज पुष्कळ आले, पण रमणीकभाईंनी पगार सांगितला की उमेदवार सावासावा म्हणून निघून जायचे. म्हणून मी टिकलो. माझ्या गुणांवर टिकलो असा कुणाचा गैरसमज नको.

वर्ष उलटलं. जूनमध्ये काउंट्यांची नवी अंदाजपत्रकं आली, आणि मी टेबलावर ढिगात बुडालो होतो. त्या काउंटीचं अजून उघडलंही नव्हतं. फोन वाजला.

"हबारी, ब्वाना काटा!" पलीकडून वेकेसा म्हणाला. "नर्सच्या जाहिरातीचा आकडा लिहून घ्या."

"इंग्रजीत सांगा," मी म्हटलं. "आणि आकडा अंकांत, अक्षरांत, दोन्हीत सांगा."

"दोन आणि पाच. पंचवीस. नासिमियू मॅडमनी काल मंजूर करून घेतल्या. सभेत तुमच्या वर्तमानपत्रातलं कुलपांचं पान वाचून दाखवलं."

मी लिहून घेतलं. मग खाली अक्षरांतही लिहिलं.

"मिस्टर काटा," तो म्हणाला, "मागच्या वर्षीच्या मिया. आणि या पंचवीस. तुमच्या आईच्या भाषेत एकूण किती झाल्या?"

"सव्वा मिया," मी म्हटलं.

पलीकडे तो जरा थांबला. मागे कुणीतरी दार आपटलं.

"सावा," वेकेसा म्हणाला.